एक मूल, चार वह्या

डीबीएमएसच्या ओरलला हमखास विचारला जाणारा प्रश्न कोणता? "प्रायमरी की म्हणजे काय?" आपण सगळे पोपटासारखं उत्तर देतो : प्रत्येक रेकॉर्ड वेगळं ओळखता येईल अशी गोष्ट. उदाहरण विचारलं की 'रोल नंबर'. एक्स्टर्नल खूष, आपण खूष, पुढचा प्रश्न! या लेखात मी तोच प्रश्न जरा लांब नेऊन विचारणार आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यातल्या तीन वर्षांच्या मुलाची प्रायमरी की कोणती? आणि ती नसेल तर त्या मुलाचं काय होतं?

विषय जरा गंभीर आहे. त्यातून माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे 'आंतरविभागीय समन्वय' असले शब्द वाचायलाच मला दोन श्वास लागतात. तेव्हा शक्य तितकं आपल्या हॉस्टेलच्या मराठीत लिहिते. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे, ही विनंती.

मेसचा हिशोब

आधी एक घरचंच उदाहरण घेऊ. आपल्या हॉस्टेलमध्ये 'आज किती मुलं आहेत' या प्रश्नाला तीन उत्तरं असतात. ऑफिसच्या ॲडमिशन लिस्टचं एक, मेसच्या वहीचं दुसरं आणि गेटवरच्या इन-आउट रजिस्टरचं तिसरं. मेसवाल्या काकांनी ॲडमिशन लिस्ट बघून स्वयंपाक केला, तर दिवाळीच्या आठवड्यात पातेलंभर भात फुकट जाईल. आणि गॅदरिंगच्या आठवड्यात पाहुणे धरून दुप्पट माणसं आली, तर तोच भात पुरणार नाही. म्हणजे किती शिजवायचं, कोणासाठी, कुठे आणि कोणाला काँट्रॅक्ट द्यायचं हे ठरवायचं असेल, तर तिन्ही वह्या शेजारी-शेजारी ठेवून बघायला हव्यात.

हेच काम सरकारला मुलांच्या सेवांसाठी करावं लागतं. लसीकरण, पोषण आहार, पाळणाघर, शाळा, वसतिगृह, उपचार... यातली कोणती सेवा, किती, कोणत्या गावात आणि कोणाकडून घ्यायची हे ठरवण्याला इंग्लंडमध्ये 'कमिशनिंग' म्हणतात. आपल्याकडे 'कमिशन' म्हटलं की भलताच वास येतो, म्हणून मी सरळ 'सेवा ठरवणं' असं म्हणते.

ही सेवा ठरवायला लागणारी माहिती कुठे असते? खेड्यातल्या एका मुलाची नोंद निदान चार ठिकाणी होते. जन्माची नोंद ग्रामपंचायतीकडे. लसी आणि आजारपण नर्सताई आणि आशाताईंकडे. वजन, उंची, आहार आणि हजेरी अंगणवाडी सेविकेकडे. आणि सहा वर्षांचं झालं की शाळेकडे. चार वह्या, चार खाती आणि प्रत्येकाचा नंबर वेगळा. आरोग्य खात्याचा आरसीएच नंबर वेगळा, शाळेचा स्टुडंट आयडी वेगळा, आणि पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार असलंच तर तेही वेगळं. त्या बाल आधारात मुलाच्या बोटांचे ठसे घेतलेलेच नसतात, ते आईबाबांच्या आधारला जोडलेलं असतं.

बरं, नंबर जुळवले तरी नकाशा जुळत नाही. अंगणवाड्यांचे 'बीट' असतात, आरोग्याची 'उपकेंद्रं' असतात, शाळांची 'केंद्रं' असतात, आणि यांच्या हद्दी एकच असतील असं नाही. वयाचे गटही जुळत नाहीत. अंगणवाडीचा आहार सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुलांची उंची-वजनं मोजतं ती पाच वर्षांखालच्यांची. म्हणजे दोन तक्ते समोर ठेवले तर पाच ते सहा वर्षांची मुलं एकात आहेत, दुसऱ्यात नाहीत. सरळ 'जॉईन' मारला तर उत्तर येईल, पण चुकीचं!

लंडनमधली एक मुलगी

टेक्निकल सेमिनारसाठी डेटाबेसवरचा विषय शोधत असताना मला इंग्लंडची एक गोष्ट सापडली. या विषयावर इतकी शिकवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही, म्हणून ती थोडक्यात सांगते.

व्हिक्टोरिया क्लिम्बिये ही आयव्हरी कोस्टमधली मुलगी. चांगलं शिक्षण मिळेल म्हणून आईवडिलांनी तिला एका नातेवाईक बाईबरोबर युरोपात पाठवलं. १९९९ मध्ये ती लंडनला आली. २५ फेब्रुवारी २००० रोजी, वयाच्या आठव्या वर्षी, ती बाई आणि तिचा जोडीदार यांनी केलेल्या छळामुळे तिचा मृत्यू झाला. दोघांनाही २००१ मध्ये जन्मठेप झाली.

या प्रकरणाच्या चौकशीचा लॉर्ड लेमिंग यांचा अहवाल जानेवारी २००३ मध्ये आला. त्यातली भयंकर गोष्ट म्हणजे ही मुलगी कोणालाच माहीत नव्हती असं नव्हतं! लंडनमधल्या चार स्थानिक प्रशासनांचे समाजसेवा विभाग, दोन हॉस्पिटलं आणि पोलिसांची दोन बालसंरक्षण पथकं, एवढ्यांकडे तिची कुठे ना कुठे नोंद होती. तिला वाचवता आलं असतं असे किमान बारा प्रसंग लेमिंग यांनी मोजून दाखवले. प्रत्येकाकडे कोड्याचा एक तुकडा होता, पण तुकडे एका टेबलावर कधी आलेच नाहीत.

मग इंग्लंडने काय केलं? २००४ चा बालक कायदा आला. त्यात सगळ्या खात्यांवर एकमेकांना सहकार्य करण्याची जबाबदारी टाकली, आणि मुलांच्या माहितीचा सामायिक डेटाबेस उभारायची तरतूद केली. त्यातून 'कॉन्टॅक्टपॉइंट' नावाची प्रणाली तयार झाली. इंग्लंडमधली जवळजवळ १ कोटी १० लाख मुलं त्यात येणार होती. त्यात मुलाचं नाव, पत्ता, जन्मतारीख, पालक, शाळा, डॉक्टर आणि 'या मुलाबरोबर आणखी कोण काम करतंय' एवढंच होतं. आजारपणाचा किंवा केसचा तपशील नव्हता. उभारणीचा खर्च २२ कोटी ४० लाख पौंड. आणि ती उघडून बघण्याची परवानगी मिळणार होती तीन लाखांहून अधिक लोकांना.

इथे आपल्यातल्या इंजिनिअरचे कान उभे राहिले पाहिजेत. तीन लाख पासवर्ड! त्यातच नोव्हेंबर २००७ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं, की कर खात्याने टपालाने पाठवलेल्या दोन डिस्क हरवल्या आहेत, आणि त्यात चाइल्ड बेनिफिट घेणाऱ्या कुटुंबांतल्या अडीच कोटी लोकांची माहिती आहे. त्या डिस्क आणि कॉन्टॅक्टपॉइंट यांचा तसा संबंध नव्हता. पण लोकांचा विश्वास उडायचा तो उडाला. कॉन्टॅक्टपॉइंट २००९ मध्ये कशीबशी सुरू झाली, आणि सरकार बदलल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये बंद करण्यात आली.

म्हणजे माहिती वाटून घेतली नाही म्हणून एक मुलगी गेली, आणि सगळ्यांचीच सगळ्यांना दाखवायची सोय केली म्हणून प्रणाली गेली. या दोन टोकांच्या मधे एक तिसरी वाट आहे, तिच्याकडे आता येऊ.

नाव की आकडा?

मला या सगळ्यातून कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की 'डेटा शेअर करणं' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात.

पहिलं काम एका मुलाला वाचवण्याचं. इथे नाव लागतं, पत्ता लागतो. हॉस्पिटलच्या डॉक्टरला शंका आली, तर त्याने शाळेला आणि पोलिसांना फोन करायलाच हवा. पण ही माहिती त्या मुलाशी संबंधित चार-पाच माणसांपुरतीच राहायला हवी.

दुसरं काम सगळ्या मुलांसाठी सेवा ठरवण्याचं. इथे नाव लागतच नाही! समजा एका तालुक्यात कमी वजनाच्या मुलांसाठी बाल विकास केंद्रं काढायची आहेत. अधिकाऱ्याला कळायला हवं, की कोणत्या बीटमध्ये अशी मुलं जास्त आहेत, त्यांपैकी किती जणांच्या लसी राहिल्यात, आणि जवळचा दवाखाना किती लांब आहे. मुलाचं नाव काय, आई कुठे कामाला जाते, हे कळून त्याच्या नियोजनात काडीचा फरक पडत नाही.

मग दोन खात्यांच्या याद्या जोडायच्या कशा? नावाच्या जागी एक सांकेतिक क्रमांक तयार करायचा. दोन्ही खाती एकाच गुप्त किल्लीने तो तयार करतात, म्हणून एका मुलाचा क्रमांक दोन्हीकडे सारखाच येतो. पण क्रमांकावरून उलटं नाव काढता येत नाही. हॅशिंग शिकताना आपण जे कंटाळून पाठ करतो ते हेच! याद्या जुळल्या की क्रमांकही काढून टाकायचा आणि फक्त बेरजा पुढे द्यायच्या. शिवाय बेरीज फार लहान असेल, तर तीही झाकायची. एखाद्या वाडीत 'तीव्र कुपोषित : १' असं छापलं, तर ते कोणाचं पोर हे अख्ख्या वाडीला कळतं. ब्रिटनमधल्या बऱ्याच सरकारी तक्त्यांत अशा लहान आकड्यांच्या जागी म्हणूनच फुली किंवा चांदणी असते.

इंग्लंडमध्ये या दुसऱ्या कामासाठीही कायदा झाला. २००७ च्या कायद्यानुसार स्थानिक प्रशासन आणि आरोग्य यंत्रणा यांनी आपापले आकडे एकत्र करून परिसराच्या गरजांचा संयुक्त आढावा तयार करायचा, आणि सेवा त्यावरून ठरवायच्या. याची कॉन्टॅक्टपॉइंटसारखी पेपरात बोंबाबोंब झाली नाही. पण ही पद्धत टिकली.

पाचवी वही

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. माझ्या मते या दुसऱ्या कामाची सगळ्यात जास्त गरज आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांना आहे.

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी थेट कर्नाटकात. परत येतात उन्हाळ्याच्या तोंडावर. मोठ्या मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून शाळांतर्फे हंगामी वसतिगृहं चालवली जातात. पण अंगावर पिणारं मूल, दोन-तीन वर्षांचं मूल, ते कुठे राहणार? ते आईबरोबर फडात जातं आणि कोपीत झोपतं.

गेल्या वर्षीच्या एनएसएस कॅम्पमध्ये अशाच एका गावातल्या अंगणवाडी ताईंशी बोलायला मिळालं. त्यांच्या यादीत बरीच मुलं होती आणि समोर बसलेली अगदी मोजकी. मी विचारलं, "ताई, बाकीची?" त्या म्हणाल्या, "अगं, नाव हितं हाय, पोरगं कारखान्यावर. नाव काढलं तर मे महिन्यात परत कुठं घालू?"

म्हणजे मुलाचं नाव एका जिल्ह्यात आणि पोट दुसऱ्या जिल्ह्यात. गावाकडच्या अंगणवाडीत त्याच्या वाट्याचा आहार मंजूर असतो, आणि जिथे ते खरोखर आहे तिथल्या ताईंच्या यादीत ते नसतंच.

आता गंमत बघा. ही माणसं किती निघणार, कोणत्या गावातून निघणार आणि कोणत्या कारखान्यावर जाणार, हे कोणाला तरी महिनोन्महिने आधी माहीत असतं! मुकादम पावसाळ्यातच उचल देतो. त्याच्या वहीत सगळा हिशोब असतो. पण त्या वहीचं एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळीत दहा कोयते असले की मजुरीचा हिशोब पूर्ण झाला. त्या दहा कोयत्यांबरोबर किती मुलं गाडीत बसली, हे लिहायला त्या वहीत रकानाच नाही. मी ज्या चार वह्या सांगितल्या, त्यांत मूल आहे पण ते कुठे गेलं हे नाही. आणि पाचव्या वहीत कुठे गेले हे आहे पण मूल नाही.

या दोन प्रकारच्या वह्या एकत्र आल्या तर काय होईल, याचं एक उदाहरण देते. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. किती छान! आता हे कारखान्याजवळच्या कोप्यांना लावून बघा. टोळ्या नोव्हेंबरमध्ये पोचल्या. कोणीतरी मुलं मोजली, डिसेंबरमध्ये अर्ज दिला. तीन महिन्यांनी, म्हणजे मार्चमध्ये, मंजुरी आली. तोवर ऊस संपत आला आणि वस्ती उठायच्या बेतात! माहिती खोटी नव्हती, हक्कही होता, फक्त आकडा उशिरा पोचला.

हाच आकडा ऑगस्टमध्ये मिळू शकतो. कारखान्यांनी कोयत्यांची संख्या गावनिहाय द्यायची आणि अंगणवाडीने त्या गावांतली सहा वर्षांखालची मुलं किती ते द्यायचं. एकाही मुलाचं नाव न देता, कोणत्या कारखान्याच्या आवारात साधारण किती मुलं येतील याचा अंदाज बांधता येतो. मग तिथे सेविका, आहार, पाळणाघर, लसीकरणाचा दिवस हे सगळं टोळी पोचायच्या आधी ठरवता येतं. गावाकडे हंगामी वसतिगृहात किती ताटं लागतील हेही त्याच गणितातून निघतं, कारण ती मंजुरी गाड्या निघायच्या आधी आली नाही, तर शाळेतलं मूलही गाडीत बसतं.

काहीच झालेलं नाही असं मात्र नाही. स्थलांतरित होणाऱ्या माता-बालकांचा माग ठेवून त्यांना दुसऱ्या ठिकाणी अंगणवाडीच्या सेवा देण्यासाठी महाराष्ट्राने २०२२ मध्ये 'महा-एमटीएस' नावाची प्रणाली सुरू केली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं काढायची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. दिशा बरोबर आहे. पण मूल गावातून निघाल्यावर त्याचा माग काढणं वेगळं, आणि ते निघणार हे धरून आधीच चूल पेटवून ठेवणं वेगळं.

आकडा भरतं कोण?

आपल्यासारखी कॉम्प्युटरवाली मंडळी एक गोष्ट नेहमी विसरतात. डेटा आभाळातून पडत नाही, तो कोणीतरी भरतं. राज्यात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. प्रत्येक ठिकाणी एक ताई वजनकाटा, उंचीची पट्टी आणि मोबाईल घेऊन बसलेली असते. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' ॲप आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अनेक सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन सारखे बंद पडतात, मेमरी पुरत नाही, आणि ॲपमध्ये मराठी नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मी शाळेत मराठी बोलले की शिक्षा व्हायची, म्हणून मला इंग्रजी आलं. पण पंधरा-वीस वर्षं मुलं सांभाळणाऱ्या बाईंनी मुलाचं वजन भरण्यासाठी आधी इंग्रजी शिकावं, ही कुठली पद्धत? ज्या प्रणालीत माहिती भरणाऱ्याचा विचार नाही, तिच्यातून मिळणाऱ्या आकड्यावर नियोजन तरी काय करणार!

दुसरी गोष्ट आकड्याच्या भीतीची. वर्गात 'कोणाला समजलं नाही?' विचारल्यावर कोणी हात वर करत नाही, कारण हात वर केला की पुढचा प्रश्न आपल्यालाच. तसंच इथे. कुपोषित मुलं जास्त दाखवली म्हणून सेविकेला मीटिंगमध्ये बोलणी बसली, तर पुढच्या महिन्यात काट्यावरचं वजन आपोआप वाढतं. २००१ मध्ये आलेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने हेच दुखणं उघड केलं होतं. स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात स्वतः नोंदी ठेवून दाखवलं, की महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ज्या मृत्यूची नोंदच नाही, त्याच्यासाठी डॉक्टर कोण नेमणार आणि औषध कोण पाठवणार? म्हणून वाटून घ्यायच्या डेटाचा पहिला नियम माझ्या मते असा हवा, की खरा आकडा देणाऱ्याला मदत मिळाली पाहिजे, शिक्षा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० पैकी साधारण ३६ मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी आहे. एखाद्या बीटचा अहवाल याच्या कुठल्या कुठे चांगला येत असेल, तर आधी तिथला काटा तपासावा आणि मग अभिनंदन करावं.

आपण काय करू शकतो?

आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीमचे निदान चार प्रोजेक्ट जमा होतात. लायब्ररी मात्र अजून कार्डवरच चालते! फायनल इयरच्या मंडळींना माझी विनंती आहे, की यंदा एक तरी ग्रुप या प्रश्नाला हात घालू दे. दोन खात्यांच्या याद्या नावं न उघडता जोडणारा छोटा प्रोग्राम. बीट, उपकेंद्र आणि केंद्र यांच्या हद्दी एका नकाशावर बसवून दाखवणारं काम. किंवा नेटवर्क नसताना चालणारा, पूर्ण मराठीतला वजन-उंचीचा फॉर्म, आणि त्यात एक साधा रकाना : 'मूल सध्या कुठे आहे?' खऱ्या मुलांची माहिती मात्र मागायला जाऊ नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या माहितीला वेगळं संरक्षण दिलेलं आहे. आपल्याला शिकायला बनावट याद्या पुरतात, त्या तयार करण्यात तर आपण पटाईत आहोत!

आणि स्टाफमधल्या ज्या सर-मॅडमनी इथवर वाचलं असेल त्यांना एक सुचवावंसं वाटतं. एनएसएसचा पुढचा कॅम्प नोव्हेंबरऐवजी ऑगस्टमध्ये, ऊसतोडीच्या गावात घ्यावा. ग्रामसभेत बसून, अंगणवाडी ताईंच्या परवानगीने, गावातले कोयते किती आणि त्यांच्याबरोबर जाणारी सहा वर्षांखालची मुलं किती, एवढे दोनच आकडे काढावेत आणि कारखान्याच्या तालुक्यातल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पत्राने कळवावेत. त्याला ना सर्व्हर लागतो, ना फंड. पन्नास पोरं-पोरी आणि चार दिवस पुरेत. नावनोंदणीसाठी माझं नाव पहिलं लिहा.